न तरंगणारी 'तलवार'

मुंबईचा युद्धकालीन नाविक तळ आणि फेब्रुवारी १९४६

वैजापूर तालुक्याचा आणि समुद्राचा तसा काही संबंध नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे दक्षिण शिवेवरून वाहणारी गोदावरी, नांदूर-मधमेश्वरच्या कालव्याचे आवर्तन आणि उन्हाळ्यात टँकर. ज्या काळाबद्दल मी लिहिणार आहे त्या काळात तर हा तालुका निजामाच्या राज्यात होता. नाशिक आणि अहमदनगर जिल्हे इंग्रजांचे, आणि आम्ही त्यांच्या शिवेला लागून. अशा गावच्या, कुठल्याही विद्यापीठाशी नाते नसलेल्या माणसाने आरमाराच्या भानगडीत का पडावे, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. उत्तर अगदी साधे आहे. दुसऱ्या महायुद्धावरचे एक पुस्तक चाळताना जहाजांच्या यादीत मला 'एचएमआयएस गोदावरी' हे नाव दिसले. आपली नदी युद्धावर गेली होती याची मला कल्पना नव्हती.

एचएमआयएस म्हणजे 'हिज मॅजेस्टीज इंडियन शिप'. 'गोदावरी' इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या थॉर्नीक्रॉफ्ट गोदीत बांधली गेली आणि १९४३ साली रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाली. ती स्लूप जातीची, म्हणजे मालवाहू जहाजांच्या काफिल्याला पाणबुड्यांपासून आणि विमानांपासून राखणारी मध्यम आकाराची युद्धनौका. तिच्या जोडीला सतलज, जमना, नर्बदा, कावेरी, किस्तना अशा आणखी नद्या होत्या. या नद्यांचा मुख्य तळ मुंबई. त्यांचा माग काढता काढता मी त्या तळाशी आणि तळावरच्या एका अशा 'जहाजा'शी येऊन पोचलो, जे कधीच पाण्यात उतरले नव्हते. त्याचे नाव 'तलवार'.

हा प्रकार आधी समजावून सांगायला हवा, कारण मराठीतल्या काही लेखांतही 'तलवार या जहाजावर बंड झाले' असे वाक्य मी वाचले आहे. ब्रिटिश आरमाराची जुनी रीत अशी की, नौसैनिक कुठल्या ना कुठल्या जहाजाच्या पटावर असलाच पाहिजे. त्यामुळे किनाऱ्यावरची शाळा, कोठार किंवा बराक यांनाही जहाजाचे नाव द्यायचे आणि कागदोपत्री ते जहाजच मानायचे. तिथली भाषाही जहाजाचीच. खोलीच्या जमिनीला 'डेक' म्हणायचे, आणि फाटकातून रस्त्यावर पाऊल टाकले की 'किनाऱ्यावर गेलो' म्हणायचे. 'तलवार' ही अशी कुलाब्यातली एक शाळा होती. तिथे बिनतारी संदेश, दिव्याची उघडझाप, झेंड्यांची भाषा, थोडक्यात आरमारातला सगळा संपर्क शिकवला जाई. १९४६ च्या सुरुवातीला तिथे सुमारे दीड हजार माणसे राहत होती.

मुंबईभर अशी न तरंगणारी जहाजे पसरली होती. ठाण्याजवळ कोलशेतला 'अकबर', मार्व्याला 'हमला', वर्सोव्याला पाणबुडीविरोधी लढाईची शाळा 'मछलीमार'. कराचीत 'बहादुर' आणि रडारची शाळा 'चमक'. ही नावे ठेवणाऱ्या गोऱ्या साहेबांना हिंदुस्थानी भाषेची हौस होती एवढे मान्य करावे लागते. पाणबुड्या शोधायला शिकवणाऱ्या शाळेचे नाव 'मछलीमार' ठेवणाऱ्याला विनोदाचेही अंग असणार.

शहराच्या मध्यावर, जुन्या किल्ल्याच्या तटाला लागून, कॅसल बॅरक्स होती आणि तिला खेटून गोदी. मुंबईच्या गोदीला दोनशे वर्षांची परंपरा होती. वाडिया मिस्त्रींनी १८१७ साली इथे सागवानी लाकडात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाहायला मिळते. तरी १९३९ साली मुंबईचे आरमार म्हणून जे काही होते ते अगदीच तुटपुंजे होते. रॉयल इंडियन नेव्ही हे नाव मिळून (२ ऑक्टोबर १९३४) जेमतेम पाच वर्षे झाली होती. हाताशी जुन्या-नव्या मिळून पाच स्लूप आणि दोन-तीन लहान जहाजे, आणि माणसे दोन हजारांच्या आत. त्यांतले बहुतेक रत्नागिरीकडचे पिढीजात दर्यावर्दी आणि पंजाबी मुसलमान.

मग युद्ध पूर्वेकडे सरकले. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले. पूर्वेकडचा सगळ्यांत मोठा ब्रिटिश नाविक तळ आणि त्याच्या सुक्या गोद्या एका दिवसात हातच्या गेल्या. एप्रिलच्या ५ आणि ९ तारखांना जपानी विमानांनी कोलंबो आणि त्रिंकोमाली भाजून काढले. त्याच आठवड्यात, ६ एप्रिलला, ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर अक्याबला आपली 'इंडस' बुडाली. ब्रिटिशांचा पूर्व ताफा मागे हटला. काही काळ तो मालदीवच्या अड्डू बेटावरच्या गुप्त तळावर, मग आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोंबासाजवळ गेला. हिंदी महासागरात दुरुस्तीच्या मोठ्या सोयी असलेली, शत्रूच्या विमानांच्या टप्प्याबाहेरची, रेल्वेने सगळ्या देशाशी जोडलेली जी थोडी बंदरे उरली, त्यांत मुंबई पहिली. तळ फुगू लागला.

फुगणे हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. सहा वर्षांत दोन हजारांच्या आतले हे आरमार तीस हजारांच्या घरात गेले. एवढी माणसे एका किनारपट्टीतून मिळणे शक्य नव्हते. म्हणून 'लढवय्या जाती'चा जुना दंडक बाजूला ठेवावा लागला. बंगाल, मद्रास, त्रावणकोर, संयुक्त प्रांत, महाराष्ट्राचा घाटमाथा अशा सगळीकडून पोरे आली. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता अशीही पुष्कळ आली. आणि ही पोरे वेगळ्या प्रकारची होती. रडार, बिनतारी, तोफांची यंत्रे यांसाठी शाळा शिकलेला, इंग्रजी वाचता येणारा मुलगा लागे. तो मॅट्रिकपर्यंत शिकलेला असे, वर्तमानपत्र वाचणारा असे, आणि घरी एखादा भाऊ १९४२ च्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेला असे.

फेब्रुवारी १९४६ च्या हकिगती बहुधा १८ तारखेच्या नाश्त्यापासून सुरू होतात. डाळीत खडे, भातात किडे, 'अन्न नाही तर काम नाही' अशी घोषणा, आणि पाच दिवसांत सगळे आटोपते. हे खोटे नाही. पण खराब अन्न सगळ्याच बराकींत होते. अपमानही सगळीकडे होता. मग ठिणगी 'तलवार'वरच का पडली? कॅसल बॅरक्समध्ये किंवा कोलशेतला का नाही? या प्रश्नाभोवती माझी काही वर्षे गेली. मला जे उत्तर सापडले ते तळाच्या रचनेतच आहे.

संदेशवाहकाचे काम काय, ते बघा. तो कानाला यंत्र लावून रात्र-रात्र ऐकत बसतो. कुठली बातमी आधी त्याच्या कानावर येते, मग अधिकाऱ्याच्या टेबलावर जाते. तो इंग्रजी जाणतो, कारण सगळे संदेश इंग्रजीत. त्याच्या ओळखी जहाजाजहाजावर असतात, कारण शिकून बाहेर पडलेली प्रत्येक तुकडी कुठल्या ना कुठल्या जहाजाच्या बिनतारी खोलीत जाऊन बसते. 'तलवार'मधून शिकलेले मुलगे कराचीपासून कलकत्त्यापर्यंत, अंदमानपासून एडनपर्यंत विखुरले होते. आणि बंदरात नांगरलेली जहाजे एकमेकांशी दिव्याने, झेंड्यांनी बोलतात. ते वाचणारे डोळे आणि पाठवणारे हात या पोरांचेच. आरमाराने आपले कान आणि आपली जीभ कुलाब्यातल्या एका आवारात एकत्र करून ठेवली होती. तिथे काही बिनसले, तर ते सगळ्या अंगाला कळणार होते.

आता उठावातली नावे पाहा. बलाईचंद्र दत्त हा टेलिग्राफिस्ट. संप समितीचा अध्यक्ष एम. एस. खान हा लीडिंग सिग्नलमन. उपाध्यक्ष मदनसिंग हा पेटी ऑफिसर टेलिग्राफिस्ट. तिघेही संदेशवाहक. याला योगायोग म्हणायला माझे मन तयार होत नाही.

युद्ध ऑगस्ट १९४५ मध्ये संपले, आणि फुगलेल्या तळातली हवा काढायची वेळ आली. इथे आणखी एक गोष्ट घडली. जहाजे परत येत, रिकामी केली जात, आणि माणसे बराकींत कोंबली जात. करायला काम नाही, सुटीचा हुकूम कधी येईल ते माहीत नाही, आणि सुटल्यावर गावी जाऊन काय करायचे तेही माहीत नाही. भरतीच्या जाहिरातींत दिलेल्या भविष्याच्या आश्वासनांचा कुणी उच्चार करत नव्हते. नोव्हेंबरपासून लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला होता आणि त्याच्या बातम्या सगळ्यांच्या आधी याच पोरांच्या कानावर पडत होत्या.

१ डिसेंबर १९४५ ला 'नौदल दिन' साजरा व्हायचा होता आणि लोकांना आत येऊन तळ पाहता येणार होता. सकाळी 'तलवार'च्या भिंतींवर 'क्विट इंडिया' आणि बंडाची हाक देणाऱ्या घोषणा रंगवलेल्या सापडल्या. हे काम दत्त आणि त्याच्या मूठभर मित्रांचे. २ फेब्रुवारीला सरसेनापती ऑकिनलेक येणार म्हणून पुन्हा रंग निघाला आणि या वेळी दत्त पकडला गेला. ८ फेब्रुवारीला महिला दलातल्या काही मुली बराकीवरून जात असताना पोरांनी शिट्ट्या मारल्या, ओरडा केला. यात कौतुक करण्यासारखे काही नाही, आणि बहुतेक मराठी लेखांत हा तपशील गाळलेला असतो. पण 'तलवार'चा मुख्याधिकारी कमांडर किंग याने त्यावर जी शिवीगाळ केली ती शिट्टी मारणाऱ्यांना नव्हती. ती त्यांच्या आईबापांना आणि त्यांच्या देशाला होती. चौदा जणांनी रीतसर लेखी तक्रार केली. तक्रार करणाऱ्यांनाच धमकावण्यात आले.

त्यानंतर १८ फेब्रुवारी, सोमवार. पुढचे दिवस सगळ्यांना थोडेफार माहीत आहेत म्हणून भरभर सांगतो. 'तलवार'ने नाश्ता नाकारला. संध्याकाळपर्यंत बंदरातल्या जहाजांना कळले होते, आणि दुसऱ्या दिवशी कॅसल बॅरक्स, फोर्ट बॅरक्स, 'अकबर' आणि जहाजांवरचे खलाशी बाहेर पडले. जहाजांच्या डोलकाठ्यांवर काँग्रेसचा, मुस्लिम लीगचा आणि लाल, असे तीन झेंडे एकत्र चढले. १९ तारखेला संप समिती निवडली गेली. मागण्यांत चांगले अन्न होते, गोऱ्या खलाशांइतका पगार होता, किंगवर कारवाई होती, लवकर सुटका होती. आणि त्याच यादीत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची मुक्तता आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलावणे हेही होते. या दोन मागण्यांचा डाळीशी काही संबंध नाही. दोन-तीन दिवसांत ७८ जहाजे, २० किनारी ठाणी आणि सुमारे २०,००० माणसे या संपात होती. कराची, कलकत्ता, मद्रास, विशाखापट्टणम, कोचीन, जामनगर. बातमी ज्या वाटांनी गेली त्यांपैकी पहिली वाट त्यांच्या स्वतःच्या यंत्रांची होती.

२१ तारखेला कॅसल बॅरक्सला लष्कराने वेढा घातला आणि गोळीबार झाला. आतल्यांनीही शस्त्रागार उघडून उत्तर दिले. वेढ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. तटाच्या आत रत्नागिरीचा पोर आणि बाहेर साताऱ्याचा, हे चित्र मला कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त अस्वस्थ करते. त्याच दुपारी नौदलप्रमुख ॲडमिरल गॉडफ्रे यांनी रेडिओवरून सांगितले की, शरण आला नाहीत तर सरकार सगळी ताकद वापरेल, मग त्यात आरमार नष्ट झाले तरी हरकत नाही. लोकांनी त्याचे उत्तर वेगळे दिले. गेटवेच्या धक्क्यावर माणसे अन्नाची पुडकी, फळे, पाण्याच्या घागरी घेऊन जमली आणि जहाजांवरून आलेल्या होड्यांत ती भरून दिली.

२२ ला मुंबई बंद झाली. गिरण्या थांबल्या. लालबाग, परळ, कामाठीपुरा इथे लष्कराने गोळ्या झाडल्या. परळ महिला संघाच्या कमल दोंदे त्यात मारल्या गेल्या, कुसुम रणदिवे जखमी झाल्या. सरकारी आकडा २२८ मृत आणि १,०४६ जखमी असा आहे. लक्षात घ्यायची गोष्ट ही की, यांतले जवळजवळ सगळे शहरातले लोक होते, खलाशी नव्हते. उठाव आरमाराचा, आणि रक्त सांडले ते गिरणगावचे. गिरणगावाच्या इतिहासात या तारखेला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली मला तरी दिसत नाही.

सरदार पटेलांनी शरण जाण्याचा सल्ला दिला आणि कुणाला छळले जाऊ नये यासाठी काँग्रेस प्रयत्न करील असे कळवले. जीनांनी तसेच सांगितले. गांधीजींना ही हिंसा मान्य नव्हती. अरुणा असफअलींचे म्हणणे त्याच्या उलट होते. हिंदू-मुसलमानांना कायदेमंडळात एक करण्यापेक्षा रस्त्यावरच्या लढ्यात एक करणे सोपे, असे त्या म्हणाल्या. कोण बरोबर होते यावर मी कित्येकदा मत बदलले आहे. सत्तांतर दारात उभे होते (१९ तारखेलाच ॲटली यांनी पार्लमेंटमध्ये मंत्र्यांचे शिष्टमंडळ पाठवण्याची घोषणा केली होती), आणि उद्याचे राज्यकर्ते आज लष्करी शिस्त मोडणाऱ्यांच्या पाठीशी कसे उभे राहतील, हा हिशेब मला समजतो. पण दिलेला शब्द पाळला गेला नाही, हे त्या हिशेबात बसवता येत नाही. २३ फेब्रुवारीच्या पहाटे सहाला जहाजांवर काळे झेंडे चढले. शरणागती झाली. मग पकडापकडी झाली, शेकडोंना मुलुंडच्या छावणीत नेऊन ठेवले, आणि ४७६ जणांना नोकरीतून काढून टाकले.

इथे एक तुलना करायला हवी. त्याच वर्षी जानेवारीत, म्हणजे जेमतेम महिनाभर आधी, हिंदुस्थानातल्या ब्रिटिश हवाई दलाच्या गोऱ्या सैनिकांनीही संप केला होता. सुरुवात कराचीच्या ड्रिग रोड तळावर झाली आणि तो सिंगापूरपर्यंत पसरला. तक्रारी जवळजवळ त्याच होत्या, म्हणजे घरी जायला उशीर, अन्न, वागणूक. काहींवर खटले झाले, पण त्यांच्या बराकींवर कुणी गोळ्या झाडल्या नाहीत.

नाव काय द्यावे यावरही वाद आहे. इंग्रजांनी 'म्युटिनी' म्हटले, तसे म्हटले की कोर्ट मार्शल करता येते. खलाशांच्या स्वतःच्या समितीच्या नावात 'स्ट्राइक' होता. आज आपण 'उठाव' म्हणतो, कारण तो शब्द भाषणात चांगला वाजतो. मला 'संप' हाच शब्द त्या माणसांच्या जवळचा वाटतो. त्यांच्यापैकी पुष्कळजण गिरणी कामगारांच्या शेजारी वाढलेले होते आणि संप म्हणजे काय ते त्यांना माहीत होते.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर काढून टाकलेल्यांना वाटले असणार की आता बोलावणे येईल. ते आले नाही. ना इकडे, ना पाकिस्तानात. नव्या आरमाराला शिस्त हवी होती, आणि एकदा शिस्त मोडलेला माणूस कुठल्याच सरकारला नको असतो. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देण्याची योजना आली तेव्हा मान्यताप्राप्त लढ्यांच्या यादीत १९४६ च्या या उठावाचे नाव होते. म्हणजे मान्यतेला पंचवीस वर्षे लागली. मॅट्रिक झालेल्या, विशीतल्या मुलाची ती पंचवीस वर्षे कशी गेली असतील याचा अंदाज वाचकांनी करावा. दत्त यांनी आपली हकिगत 'म्युटिनी ऑफ द इनोसंट्स' या नावाने १९७१ मध्ये इंग्रजीत छापली. त्या नावातला 'इनोसंट्स' हा शब्द मला सुरुवातीला भाबडा वाटला होता. आता तो फार विचार करून निवडलेला वाटतो.

फाळणीत जहाजांची वाटणी झाली. सतलज, जमना, कावेरी, किस्तना भारताकडे राहिल्या. नर्बदा आणि गोदावरी पाकिस्तानला गेल्या. नर्बदेचे नाव 'झेलम' झाले आणि आमच्या गोदावरीचे 'सिंध'. माझगाव गोदीत बांधलेली नवी 'गोदावरी' भारतीय नौदलात यायला १९८३ साल उजाडले. ती २०१५ मध्ये निवृत्त झाली.

'तलवार' पाहायला म्हणून मी रोटेगाव स्टेशनवरून रात्रीची गाडी धरून मुंबईला गेलो होतो. कुलाब्यात नौदलाच्या हद्दीच्या फाटकावर पहाऱ्यावरच्या जवानाला मी काय शोधतो आहे ते सांगितले. तो वयाने माझ्या मुलाएवढा. त्याने 'काका, तलवार तर जहाज आहे, ती समुद्रात असते' असे सांगून मला परत पाठवले. त्याची चूक नव्हती. हे नाव पुढे खऱ्या, तरंगणाऱ्या युद्धनौकांना दिले गेले, आणि सध्याची 'तलवार' २००३ साली रशियातून आली. संदेशवहनाची शाळा आता कोचीला आहे. मार्व्याचे 'हमला' त्याच नावाने चालू आहे. कॅसल बॅरक्सच्या जागेला १९५१ मध्ये आयएनएस आंग्रे असे नाव मिळाले. तिथेही सामान्य माणसाला आत जाता येत नाही.

कुलाब्याच्या बाजूला उठावाचे एक लहानसे स्मारक आहे, नाविकाच्या पुतळ्यासह. जाणारे-येणारे त्याच्या सावलीत बसतात. नौदलाने पुढे आपल्या दोन टगना 'बी. सी. दत्त' आणि 'मदनसिंग' अशी नावे दिली. टग म्हणजे बंदरात मोठ्या जहाजांना ओढत-ढकलत धक्क्याला लावणारी, पुन्हा धक्क्यापासून सोडवून बाहेर काढून देणारी छोटी, दणकट नाव.